द्राक्षाचे पैसे बुडवून व्यापारी पळाला, तर? बागेतल्या सौद्यापासून एफआयआरपर्यंत

जानेवारी उजाडला की तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस, जत आणि मिरज पूर्व भागात परक्या नंबरप्लेटच्या गाड्या फिरायला लागतात. हंगाम सरताना सांगलीच्या वर्तमानपत्रांत ठरलेली बातमी येते: अमुक गावच्या द्राक्ष उत्पादकांना व्यापाऱ्याचा इतक्या लाखांचा गंडा. त्या बातमीतल्या शेतकऱ्यांचा गुन्हा निदान दाखल तरी झालेला असतो. "हा दिवाणी वाद आहे, कोर्टात जावा" एवढं ऐकून जे ठाण्यातून परत येतात त्यांची बातमी होत नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. ज्यांची बाग अजून उतरायची आहे, त्यांच्यासाठी तर जास्तच.

पोलिसांसमोर मुळात एकच प्रश्न असतो. सौदा ठरला त्या दिवशीच व्यापाऱ्याच्या मनात पैसे बुडवायचे होते का? माल नेला, पुढे दिल्लीत किंवा कोलकात्यात भाव पडला, त्याचे हात वर झाले, तर कायद्याच्या लेखी ती उधारी. पण खोटं नाव, खोटा पत्ता, आधीच बंद झालेल्या खात्याचा चेक, दुसऱ्या गावात हाच खेळ, असं काही पहिल्या दिवसापासून असेल तर ती फसवणूक. सर्वोच्च न्यायालय हा फरक वर्षानुवर्षं सांगत आलं आहे. म्हणून तुमची केस ठाण्यात उभी राहायच्या आधी बागेच्या बांधावर उभी राहते. तिथे जे नोंदलं नाही ते नंतर ठाण्यात जोडता येत नाही.

हे आपल्याकडेच एवढं का होतं

गुन्हेशास्त्रात लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ साली एक साधी मांडणी केली. गुन्हा करायची इच्छा असलेला माणूस, सहज हाती लागणारं सावज आणि राखणदार नसणं, या तीन गोष्टी एका वेळी एका जागी आल्या की गुन्हा घडतो. द्राक्षबागेला हे तंतोतंत लागू पडतं.

सावज सहज का सापडतं? माल नाशवंत. गोडी भरली की बाग फार दिवस थोपवता येत नाही. त्यात आभाळ भरून आलं, बेमोसमी पावसाचा अंदाज आला, की शेतकरी घायकुतीला येतो. औषधवाल्याची उधारी, सोसायटीचं कर्ज आणि मजुरांचा हप्ता, सगळं याच आठवड्यात अंगावर येतं. अशा वेळी कुणी पेटीला बाजारापेक्षा दहा-पंधरा रुपये जास्त बोलला, की चौकशी करायचं भान राहत नाही.

राखणदाराची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रात २०१६ साली फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त झाला. शेतकऱ्याला कुठेही विकायची मोकळीक मिळाली, ते बरंच झालं. पण बांधावर माल घेणाऱ्याला बाजार समितीच्या परवान्याची गरज उरली नाही, आणि परवाना देताना जी नोंद, जी ओळख तपासली जायची तीही गेली. ताज्या द्राक्षांवर जीएसटी नसल्याने जीएसटी क्रमांकाचाही आग्रह कुणी धरत नाही. म्हणजे लाखोंचा माल नेणारा माणूस कोण, हे सरकारी दफ्तरात कुठेच नसतं, अशी स्थिती सहज येऊ शकते. माझ्या मते या गुन्ह्याचं मूळ शेतकऱ्याच्या भोळेपणापेक्षा या रिकाम्या जागेत जास्त आहे. "शिकल्या-सवरल्या माणसानं असं कसं केलं" म्हणणाऱ्यांनी एकदा मार्चमध्ये ढगाळ हवेत बाग विकून बघावी.

आणि पद्धतही ठरलेली असते. व्यापारी हंगामापुरता गावात खोली किंवा गाळा भाड्याने घेतो. ओळखीचा स्थानिक एजंट पुढे असतो. पहिल्या गाडीचे पैसे वेळेत, कधी रोख. गावात नाव होतं. दुसऱ्या-तिसऱ्या गाडीचे अर्धे. मग "मार्केटमधून पेमेंट अडकलंय, चार दिवसांत देतो" म्हणत एकाच वेळी पाच-दहा बागा उतरवल्या जातात. नंतर फोन बंद.

पहिली पायरी: बाग ठरवताना

व्यापाऱ्याचं आधार किंवा पॅन बघा, त्याचा फोटो घ्या आणि त्याच्याच फोनवरून स्वतःच्या फोनवर मिस कॉल घ्या. हंगामी पत्त्यावर समाधान मानू नका, मूळ गावचा पत्ता लिहून घ्या. एजंटचीही हीच माहिती घ्या, मग तो पावण्यातला का असेना. कागद मागितल्यावर जो व्यापारी चिडतो, त्याला बाग देऊ नये एवढं माझं सरळ मत आहे. खरा व्यापारी वर्षानुवर्षं येतो, त्याला कागदाची भीती नसते.

सौद्याची चिठ्ठी साध्या कागदावर चालते. त्यात तारीख, गट नंबर, जात (थॉमसन, सुपर सोनाका, माणिक चमन जे असेल ते), चार किलोच्या पेटीचा दर, विसाराची रक्कम आणि उरलेले पैसे किती दिवसांत, हे सगळं हवं. दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. विसार खात्यावर घ्या. रोख घेतलात तर व्यापाऱ्याचं बँक खातं कुठलं हेच तुम्हाला कधी कळणार नाही, आणि पुढे पोलिसांना माग काढायला तोच सगळ्यात चांगला धागा असतो.

माल भरताना गाडीचा नंबर दिसेल असा फोटो, चालकाचा मोबाइल, काट्याची पावती, ट्रान्सपोर्टची बिल्टी. आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: पेटीचा खोका. त्यावर ब्रँडचं नाव छापलेलं असतं, कधी कधी ज्या मार्केटला माल जायचा तिथल्या आडत्याचं नाव-नंबरही. एक रिकामा खोका घरात ठेवून द्या. व्यापाऱ्याने आपली ओळख खोटी सांगितली असली, तरी खोका छापून घेताना मार्केटमध्ये चालणारं नावच तो छापतो. गाडीच्या नंबरावरून फास्टॅगच्या नोंदी मिळतात, त्यामुळे माल कुठल्या शहरात उतरला हे पोलिसांना काढता येतं.

ई-पीक पाहणी केलेली असू द्या. सातबाऱ्यावर द्राक्ष नसेल तर "माल होताच कशावरून" हा प्रश्न आरोपीचा वकील विचारणारच.

दुसरी पायरी: पैसे थकल्यावरचे पहिले दिवस

मुदत टळली की व्हॉट्सॲपवर लेखी मागणी करा: कुठल्या तारखेचा माल, किती पेट्या, किती बाकी. फोनवर भांडून काही पुरावा होत नाही. त्याने "देतो" असं लिहून उत्तर दिलं, की माल मिळाल्याची कबुली तुमच्या हातात आली. ते चॅट डिलीट करू नका, फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यासाठी मूळ फोन शाबूत असलेला बरा. स्क्रीनशॉट काढा, पण नुसत्या स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवू नका.

त्याच दिवसांत आजूबाजूच्या गावांत विचारा. आणखी कुणाचे अडकलेत? पाच गावांत एकाच पंधरवड्यात हीच कहाणी असेल, तर धंद्यातल्या खोटीचा बहाणा टिकत नाही. सुरुवातीपासूनचा हेतू दाखवायला यापेक्षा चांगला आधार सहसा मिळत नाही.

एक काम मात्र करू नका. व्यापाऱ्याचा मुनीम किंवा एजंट गावात सापडला म्हणून त्याला खोलीत बसवून ठेवणं, त्याची गाडी अडकवणं, कोऱ्या स्टॅम्पवर सह्या घेणं. रागाच्या भरात हे होतं, आणि दुसऱ्या दिवशी फिर्यादी व्हायचा माणूस आरोपी होतो. बेकायदा डांबून ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि तो सिद्ध करायला समोरच्याला फारसे कष्ट पडत नाहीत. "वसुली करून देतो, निम्मे माझे" म्हणणाऱ्या दादालोकांचं तर नावच नको.

तिसरी पायरी: फिर्याद लिहिताना

इथे सगळ्यात जास्त केसेस फसतात, म्हणून जरा सविस्तर. बहुतेक अर्ज असे असतात: "सदर व्यापाऱ्याने माझा द्राक्षमाल नेऊन पैसे दिले नाहीत, वारंवार मागणी करूनही टाळाटाळ करीत आहे, तरी पैसे मिळवून द्यावेत ही विनंती." वाचणारा अधिकारी पहिल्या ओळीतच ठरवतो, ही उधारी. आणि शेवटची ओळ त्याची खात्री पटवते, कारण पैसे वसूल करून देणं हे पोलिसांचं काम नाही.

समजा १,२०० पेट्या, दर १८० रुपये, म्हणजे २,१६,००० रुपयांचा माल आणि विसार २०,०००. तीच हकीकत अशी लिहा: "अमुक तारखेला आरोपी माझ्या बागेत आला. स्वतःचं नाव व पत्ता त्याने असा सांगितला. माल उतरल्यापासून आठ दिवसांत पूर्ण रक्कम देतो, दिल्लीत माझा गाळा आहे, असे सांगितले. त्यावर विश्वास ठेवून मी १,२०० पेट्या त्याच्या ताब्यात दिल्या. विसार वजा जाता १,९६,००० रुपये येणे आहे. नंतर चौकशी केली असता सांगितलेल्या पत्त्यावर तो राहत नसल्याचे व तसा गाळा नसल्याचे समजले. त्याच काळात शेजारच्या गावांतील शेतकऱ्यांचाही माल त्याने याच पद्धतीने नेला आहे. पैसे देण्याचा इरादा नसताना खोटे सांगून त्याने माझा माल काढून घेतला." शेवटी: "गुन्हा दाखल करून तपास व्हावा."

जे घडलं तेवढंच लिहा. पत्ता खरोखर तपासला नसेल तर तपासून मग लिहा. फुगवलेली फिर्याद उलटतपासणीत फुटते.

कलम कुठलं? १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुनं ४२० आता कलम ३१८(४), सात वर्षांपर्यंत कैद, दखलपात्र. सोबत विश्वासघाताचं कलम ३१६ लावावं म्हणून काही जण हट्ट धरतात. पण विश्वासघातासाठी माल तुमच्याच मालकीचा राहून दुसऱ्याच्या हवाली केलेला असावा लागतो. विक्री झाली की मालकी गेली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात हेच सांगितलं: एकाच व्यवहारात फसवणूक आणि विश्वासघात दोन्ही एकत्र नांदत नाहीत. बेदाण्याचं मात्र उलट होऊ शकतं. तुमचा बेदाणा विकून द्यायला आडत्याकडे दिला, किंवा कोल्ड स्टोअरेजला ठेवला आणि त्याने परस्पर विकला, तर तो विश्वासघात. व्यापारी, दलाल किंवा एजंट या नात्याने सोपवलेल्या मालाचा अपहार असेल तर कलम ३१६(५) खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. कलम शेवटी पोलीस ठरवतात. तुम्ही हकीकत सरळ सांगा.

चौथी पायरी: ठाण्यात

जिथे माल हवाली केला त्या हद्दीतलं ठाणं गाठा: तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज ग्रामीण, जत, उमदी, पलूस, भिलवडी, जे असेल ते. "आरोपी परराज्यातला आहे, तिकडे जा" हे उत्तर चालत नाही. माल जिथे दिला तिथेही खटला चालतो. हद्दीचा वाद निघालाच तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७३ नुसार कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवता येतो. ई-मेलनेही माहिती देता येते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

ठाणे अंमलदार बहुतेक वेळा म्हणतो, "अण्णा, अर्ज देऊन जावा, चौकशी करतो." अर्ज आणि एफआयआर एक नव्हे. अर्ज दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. प्रभारी पोलीस निरीक्षकांना भेटा. जमल्यास सगळे बाधित शेतकरी एकत्र जा, पण घोळका करून घोषणा देऊ नका. सोबत एका कागदावर तक्ता न्या: नाव, गाव, तारीख, पेट्या, दर, आलेले पैसे, येणे बाकी. अधिकाऱ्याला दहा जणांच्या तोंडून दहा कहाण्या ऐकण्यापेक्षा एक तक्ता वाचणं सोपं जातं. एकाच फिर्यादीवर गुन्हा नोंदवून बाकीच्यांचे जबाब घेतले जात असतील, तर तुमच्या जबाबात तुमची रक्कम आकड्यात आली का ते वाचून मगच सही करा.

पोलिसांची बाजूही समजून घ्यायला हवी. व्यवहारातल्या देण्याघेण्यासाठी लोक फौजदारी कायदा काठीसारखा वापरतात आणि त्यावरून न्यायालयं पोलिसांनाच झापतात. म्हणून ते हात आखडतात. ललिता कुमारी खटल्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दखलपात्र गुन्हा दिसला की एफआयआर बंधनकारक केला, पण व्यापारी स्वरूपाच्या प्रकरणात आधी प्राथमिक चौकशीची मुभा ठेवली. तीन महिन्यांहून जास्त उशीर झाला असेल तरीही ती मुभा आहे, म्हणून वाट बघत उन्हाळा घालवू नका. ही चौकशीही बेमुदत नाही. साधारण पंधरा दिवस, अपवाद म्हणून कारणं नोंदवून सहा आठवडे. तेवढे दिवस झाले की आवक नंबर घेऊन पुन्हा जा आणि चौकशीचं काय झालं ते लेखी मागा.

गुन्हा नोंद झाला की एफआयआरची प्रत फुकट मिळते. तो तुमचा हक्क आहे. गुन्हा रजिस्टर नंबर आणि तपासी अंमलदाराचं नाव लिहून ठेवा.

गुन्हा घेतलाच नाही तर

कलम १७३(४) नुसार तीच फिर्याद लेखी स्वरूपात पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे पाठवा. रजिस्टर पोस्टाची पावती आणि पोच जपा, कारण पुढच्या पायरीला ती लागते. त्यानेही हललं नाही, तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम १७५(३) खाली अर्ज करता येतो. सोबत शपथपत्र हवं आणि अधीक्षकांकडे आधी गेल्याचा पुरावा हवा. इथे वकील लागेल. महिला शेतकरी, अनुसूचित जाती-जमातीचे आणि कमी उत्पन्नाचे अर्जदार यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्याच्याही वर जायची वेळ आली, तर ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आहे, मुंबईची फेरी वाचली.

वरिष्ठांनी मनावर घेतलं तर काय होतं हे नाशिकने पाहिलं आहे. २०२० मध्ये तिथले परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी शेतकऱ्यांना बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांविरुद्ध मोहीम काढली आणि अडकलेले पैसे परत यायला लागले. कायदा तोच होता. म्हणून निवेदन द्यायचं तर अधीक्षक आणि कोल्हापूर परिक्षेत्र या दोन्ही ठिकाणी द्या.

चेक असेल तर घड्याळ वेगळं

चेक वटला नाही, तर पोलिसांची वाट बघत बसू नका. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत भरलेला असावा. परत आल्याचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून त्याला पंधरा दिवस, आणि तेही टळले की एक महिन्यात चेकच्या कायद्यातल्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ ची तक्रार कोर्टात. तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात ती करता येते, म्हणजे आरोपीच्या गावी जायला नको. या मुदती चुकल्या की केस लंगडी पडते. दिवाणी दाव्याला तीन वर्षं आहेत. तीनही मार्ग एकाच वेळी चालू शकतात.

तपास आणि तडजोड

नव्वद दिवसांत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ते आपणहून कळवतील अशी आशा ठेवा, पण विचारायला जा. तपासी अंमलदाराला दोन गोष्टींची लेखी विनंती करा: व्यापाऱ्याची खाती गोठवावीत आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ खाली मालमत्ता जप्तीचा प्रस्ताव अधीक्षकांच्या मंजुरीने कोर्टात पाठवावा. या नव्या तरतुदीने गुन्ह्यातून कमावलेली मालमत्ता कोर्ट जप्त करू शकतं आणि जिल्हाधिकाऱ्यांमार्फत ती बाधितांत वाटली जाऊ शकते. व्यापाऱ्याच्या नावावर कुठे प्लॉट, गाडी, गाळा आहे ही माहिती तुम्हाला मिळाली तर ती लेखी द्या. गावकऱ्यांना ती अधिकाऱ्यांआधी कळते.

अटक झाली, जामिनाची तारीख जवळ आली, की निरोप येतो: "निम्मे घ्या आणि मिटवा." मिटवायला हरकत नाही. कलम ३१८(४) कोर्टाच्या परवानगीने मिटवता येतं, आणि वर्षभर तारखा करण्यापेक्षा हातात आलेले पैसे पुढच्या छाटणीला उपयोगी पडतात. पण जामिनाच्या सुनावणीआधी "माझी काही तक्रार नाही" असं लिहून देऊ नका. रक्कम आरटीजीएसने खात्यात जमा होऊ द्या, बँकेत जाऊन पासबुक भरून घ्या आणि मगच कोर्टात सही करा. पुढच्या तारखेचा चेक घेऊन मिटवायचं नाही, कारण तसला एक चेक तुमच्या कपाटात आधीच पडलेला आहे.